तहानलेला कोळसा

एक काम करशील? मला एक काळा दगड आणून दे.

लातूरला राहत असशील तर म्हणशील, "हात्तिच्या! एवढंच?" घरामागे काळा दगड, विहिरीच्या काठाला काळा दगड, वावराच्या बांधावर काळा दगड. नांदेडकडेही बऱ्याच भागात तेच. मग हा दगड चुलीत घालून बघायचा का? पेटेल?

छे! रात्रभर फुंकत बसलंस तरी पेटायचा नाही. तो कोळसा नव्हेच, तो आहे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून रसरशीत लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि गोठला. त्यावर दुसरा लोंढा आला. मग तिसरा! त्यात जळण्यासारखं काही नाहीच.

"बरं, वर नसेल कोळसा. पण खूप खोल खणलं तर?"

वा! झकास प्रश्न! आणि गंमत ऐक. लातूर जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी खरोखरच खाली डोकावून पाहिलंय! किल्लारीचा १९९३ चा भूकंप तुला आजी-आजोबांनी सांगितला असेलच. त्यानंतर तिथल्या जमिनीच्या पोटात काय दडलंय हे कळावं म्हणून एक बोअर घेतलं. आपल्या शेतातलं असतं तसलं नव्हे हं. चांगलं ६१७ मीटर खोल!

काय लागलं सांग? वरून ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच बेसाल्ट. कुतुबमिनार एकावर एक असे चार उभे केले, तरी या थराच्या आत सहज मावतील! त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ. आणि मग थेट ग्रॅनाइटसारखा अतिशय पुराणा, कठीण खडक. कोळशाचा थर? नाव नको!

म्हणजे आपल्याकडे कोळसा नाही. तरीही आत्ता तुझ्या डोक्यावर जो पंखा फिरतोय, तो बहुतेक कोळशावरच फिरतोय! आपल्या देशात तयार होणाऱ्या दर १० युनिट विजेपैकी साधारण ७ युनिट कोळसा जाळून मिळतात.

मग येतो कुठून हा कोळसा?

किनवट तालुक्यातला सहस्रकुंडचा धबधबा पाहिलायस? ती पैनगंगा. तिच्या अलीकडे नांदेड जिल्हा आणि पलीकडे यवतमाळ. तिच्या प्रवाहाच्या दिशेने पुढे पुढे गेलं, की वणी लागतं, घुग्घुस लागतं, मग चंद्रपूर, बल्लारपूर. आणि तिथे जमिनीखाली काळं सोनं! म्हणजे कोळसा आपल्या अगदी शेजारी येऊन थांबलाय बघ. नदीने उडी मारली, कोळशाने नाही मारली.

आता डोळे मिट. २५ कोटी वर्षांपेक्षाही मागे जायचंय.

वणी-चंद्रपूरच्या जागी तेव्हा दलदल होती. नदी, चिखल आणि दाट झाडी. पण थांब, त्या रानात आंबा शोधू नकोस. चिंच शोधू नकोस. एक फूलसुद्धा सापडणार नाही! फुलं या पृथ्वीवर अजून जन्मालाच आली नव्हती. गवत नव्हतं. पक्षी नव्हते. "डायनासोर तरी?" तेही नाहीत! त्यांना यायला अजून काही कोटी वर्षं होती. कसलं शांत रान असेल ना?

झाडं मात्र भरपूर. त्यातलं एक भलतंच प्रसिद्ध आहे, ग्लोसोप्टेरिस. त्याचं पान जिभेसारखं लांबट. खाणीतला खडक फोडला की कधी कधी या पानाचा ठसा मिळतो. मधली शीर दिसते, बाजूच्या बारीक शिरांची जाळीसुद्धा दिसते! आणि हेच पान आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, अगदी बर्फाळ अंटार्क्टिकातसुद्धा सापडतं. कारण त्या काळी हे सगळे भूभाग आपल्या भारताला चिकटलेले होते. चंद्रपूरहून अंटार्क्टिकाला पायी जाता आलं असतं!

तर या झाडांची पानं, फांद्या, खोडं दलदलीत पडायची. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे ती पुरती कुजायची नाहीत. वर नवा पाला, त्यावर गाळ, त्यावर वाळू. ओझं वाढत गेलं, आतली ऊब वाढत गेली, पाणी पिळून निघालं. आणि कोट्यवधी वर्षांनी त्या पाल्याचा झाला कोळसा! झाडांनी उन्हातून साठवलेली ताकद त्यात तशीच बंद होऊन राहिली. कोळसा पेटतो तेव्हा जी ऊब लागते ना, ती त्या जुन्या, फुलं नसलेल्या रानातल्या उन्हाची!

आता खाणीवर जाऊ. खाण म्हटलं की अंधारा बोगदा आणि डोक्यावर दिवा डोळ्यांपुढे येतो. तशा खाणी आहेतही. पण वणीच्या बाजूला आता जास्त करून उघड्या खाणी आहेत. म्हणजे जमिनीत खणलेला अवाढव्य खड्डा! काठावर उभं राहिलं तर तळाशी फिरणारे डंपर खेळण्यातले वाटतात. जवळ गेलं की मात्र बोबडी वळते. शंभर टन माल वाहणाऱ्या डंपरचं नुसतं चाक तुझ्या बाबांपेक्षा उंच!

कोळशापर्यंत पोचायचं तर आधी वरचं सगळं काढायला हवं. काळी कसदार माती, झाडं, मुरूम, वाळूचा खडक, सगळं! हे काढलेलं टाकायचं कुठे? शेजारी. त्याचे डोंगर होतात. सपाट मुलखात अचानक एक राखाडी डोंगर दिसला, तर समजायचं की तो निसर्गाने केलेला नाही. पावसात त्यावरची माती वाहून ओढ्यात जाते. उन्हाळ्यात त्यावरून धूळ उडते आणि खाणीच्या रस्त्याकडेचा कापूससुद्धा मळकट दिसतो.

आणि खड्ड्यात काय साठतं, ओळख! पाणी! इतकं खोल खणलं की चारी बाजूंनी जमिनीतलं पाणी पाझरून आत येतं. ते रात्रंदिवस पंपाने उपसावं लागतं, नाहीतर खाणीचं तळं होईल. पण खाणीत पाणी आलं, म्हणजे कुठून तरी गेलं ना? आसपासच्या विहिरींची पातळी त्यामुळे खाली जाऊ शकते. या उपसलेल्या पाण्याचा एक मजेदार उपयोगही निघालाय. वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचंच पाणी स्वच्छ करून बाटलीत भरते. नाव काय, तर 'कोल नीर'! कोळशाच्या खाणीतलं पाणी, तेही चक्क पिण्यासाठी. मला तरी हे ऐकून आधी हसू आलं होतं.

पाण्याची गोष्ट इथेच संपत नाही. खरं तर आत्ता कुठे सुरू होतेय!

लातूरहून अंबाजोगाई ओलांडून पुढे गेलं की परळी येते. नांदेडहून रेल्वेने परभणी, गंगाखेड करत परळी. वैजनाथाच्या दर्शनाला गेला असशील तर त्या उंच चिमण्या नक्की दिसल्या असतील. तेच परळीचं औष्णिक वीज केंद्र. १९७१ पासून तिथे वीज बनते. जुने संच थकले, बंद झाले. आता २५० मेगावॉटचे ३ संच आहेत.

आत काय चालतं? अगदी सोपं आहे. स्वयंपाकघरातला कुकर आठव. खाली आग, आत पाणी, पाण्याची वाफ, आणि वाफेचा असा जोर की शिट्टी उडते! आता कल्पना कर, त्या शिट्टीच्या जागी कुणी भिंगरी ठेवली. वाफ सुटली की भिंगरी गरगर फिरेल. बस्स! वीज केंद्र म्हणजे इमारतीएवढा कुकर आणि पोलादाची भिंगरी. भिंगरीला म्हणायचं टर्बाइन. तिला जोडलेलं जनित्र फिरलं की वीज तयार.

फरक एवढाच, की इथली वाफ ५०० अंशांच्याही वर तापलेली असते. आणि भिंगरी किती वेगाने फिरते? एका सेकंदात ५० वेळा! तू "एक" म्हणेपर्यंत पन्नास फेऱ्या.

कोळसाही तिथे तुकड्या-तुकड्यांनी जळत नाही बरं का. आधी मोठ्या चक्क्यांमध्ये त्याचं पीठ करतात, चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखं मऊ. मग ते हवेच्या झोताने भट्टीत फुंकायचं. भक्कन पेट घेतं!

आता वही-पेन्सिल घे. हिशेब करायचाय आणि हा हिशेब भन्नाट आहे.

एक युनिट वीज बनवायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. एका युनिटवर घरातला पंखा १२-१३ तास फिरतो. म्हणजे रात्रभराच्या झोपेसाठी दोन मुठी कोळसा. फार नाही वाटत ना? पण २५० मेगावॉटचा संच पूर्ण जोरात चालला तर एका तासात अडीच लाख युनिट वीज बनवतो. गुणाकार केलास? तासाला १६० टनांहून जास्त कोळसा. दिवसाला जवळजवळ ३९०० टन!

३९०० टन म्हणजे किती? फाटकापाशी उभं राहून मालगाडीचे डबे मोजलेयस का कधी? कोळशाच्या गाडीला साधारण ५८ डबे असतात. त्या अख्ख्या गाडीत मावतो तेवढा कोळसा एक संच एका दिवसात फस्त करतो. तीन संच, तीन गाड्या. उद्या पुन्हा तीन!

आणि आता तो मोठा प्रश्न. या राक्षसाला भूक जास्त की तहान?

तहान!

कोळशापेक्षा पाणी कितीतरी जास्त लागतं. चाट पडलास ना? मला सांग, कुकरमधलं पाणी कुठे जातं? वाफ होऊन उडून जातं. इथे मात्र वाफ वाया घालवत नाहीत. टर्बाइन फिरवून झालं की तीच वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करतात आणि पुन्हा उकळायला पाठवतात. मग तहान कशाची? तर थंड करण्याची! गरम वाफ निववायला वेगळं पाणी लागतं. ते पाणी स्वतः तापतं. मग त्याला निववण्यासाठी मोठाल्या मनोऱ्यांत वरून खाली शिंपडतात. निवता निवता त्यातलं बरंच पाणी हवेत उडून जातं.

त्या बुटक्या, कमरेत बारीक मनोऱ्यांतून पांढरे ढग निघताना दिसतात ना? सगळे बोट दाखवून म्हणतात, "बघ, केवढा धूर!" तो धूर नाहीच! तो आहे पाण्याचा ढग. धूर निघतो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून. पुढच्या वेळी कुणी चुकलं तर ऐटीत सांग.

अशा केंद्रांसाठी सरकारने २०१५ मध्ये एक मर्यादा घातली. एका युनिटमागे फार तर साडेतीन लिटर पाणी. ही मर्यादा पाळली आणि परळीचे तीनही संच जोरात चालले, तरी दिवसाला सहा कोटी लिटरहून जास्त पाणी लागेल!

सहा कोटी! हा आकडा डोक्यात मावत नाही. म्हणून तुला एका रेल्वेगाडीची आठवण करून देतो. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूरमध्ये नळाला पाणी नाही, दारोदार टिपाडांच्या रांगा. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून एक गाडी निघाली. तिचं नाव 'जलदूत'. तेलाचे असतात तसे टाकीचे डबे राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने स्वच्छ करून आणलेले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. १० डबे, ५ लाख लिटर पाणी. लोक गाडी बघायला गोळा झाले! नंतर ५० डब्यांची गाडी येऊ लागली, एका फेरीत २५ लाख लिटर.

आता भाग दे. सहा कोटी भागिले २५ लाख. किती आले?

चोवीस! अख्ख्या देशात गाजलेली ती पन्नास डब्यांची जलदूत रोज चोवीस वेळा आली असती, तेव्हा कुठे परळीच्या तीन संचांची एका दिवसाची तहान भागली असती. मी हा भागाकार दोनदा तपासला!

मग दुष्काळात परळीचं काय झालं? गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून तिथे पाणी येतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि सगळे संच बंद करावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हाही परळीची भिंगरी थांबलेलीच होती. लक्षात आलं का? कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं! कोळसा दूरच्या गावाहून गाडीत घालून आणता येतो. इतकं पाणी कोण आणणार?

जळून झाल्यावर उरतं काय? राख. चुलीखाली उरते तशी. पण आपल्या देशातल्या कोळशात मातीचा अंश खूप. १०० किलो जाळला तर ३० ते ४० किलो राखच! त्यातली बरीच इतकी हलकी की धुराबरोबर वर उडते. तिला पकडायची युक्ती तू घरीच करून बघ. कोरड्या केसांतून कंगवा फिरव आणि कागदाच्या कपट्यांजवळ ने. कपटे टुणकन उडी मारून चिकटतात! चिमणीच्या आधी अशाच विद्युतभारित पत्र्यांच्या रांगा असतात. राखेचे कण त्यांना चिकटतात. मग पत्रे ठोकले की राख खाली.

ही राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर काय दिसतं माहितीये? काचेचे गोल गोल मणी! काही तर आतून पोकळ! भट्टीच्या आचेत मातीचे कण वितळतात आणि हवेतच थेंबासारखे गोल होऊन थिजतात. ही राख सिमेंटमध्ये जाते, विटांत जाते, रस्त्याच्या भरावात जाते. कदाचित तुझ्या शाळेच्या नव्या खोलीच्या भिंतीतही असेल! पण उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या तळ्यांत सोडतात. तळं वाळलं, वारा सुटला, की ती उडते. दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पिकावर बसते, श्वासातून छातीत जाते. सूक्ष्मदर्शकातले ते सुंदर मणी फुप्फुसाला मुळीच सुंदर वाटत नाहीत.

आता शेवटचं कोडं. एक किलो कोळसा जाळला. राख बाजूला काढली. चिमणीतून कार्बन डायऑक्साइड वायू गेला. त्याचं वजन किती असेल? एक किलोपेक्षा कमीच, हो ना?

चूक! साधारण दीड किलो!

अरेच्चा! एक किलोतून दीड किलो? जादू? नाही. कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन पकडतो. कार्बनचा एक कण ऑक्सिजनचे दोन कण पाठीवर घेतो आणि दोघांचं वजन त्याच्यापेक्षा भारी. म्हणून वायू जड भरतो. एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो. तो गोळा करून ठेवायचा म्हटलं तर अडीच टिपाडं लागतील. पण तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. तो हवेत राहतो आणि पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ऊब वाढली की धरणातलं पाणी आणखी भराभर वाफ होऊन उडतं. आणि ते पाणी कोणाला हवं असतं? पुन्हा आपल्यालाच. आणि परळीलाही!

मराठवाड्यात पाऊस रुसतो, पण ऊन काही रुसत नाही. म्हणून वावरात सौरपंप दिसायला लागलेत, छतांवर निळे पत्रे दिसायला लागलेत. त्यांना पाणी लागतं ते फक्त धूळ पुसायला. एक खोट मात्र आहे. सूर्य मावळला की ते झोपतात, आणि नेमका तेव्हाच आपण दिवे, पंखे, टीव्ही लावतो! दुपारचं ऊन रात्रीसाठी साठवायला मोठ्या बॅटऱ्या हव्यात. त्या अजून महाग आहेत. तोवर रात्रीचा बराच भार कोळशावरच.

बरं, वही मिटू नकोस. घरातलं लाइटबिल माग. त्यावर महिन्याचे युनिट लिहिलेले असतात. समजा ९० आहेत. ही सगळी वीज कोळशाची आहे असं धरलं, तर ५८ किलो कोळसा, ३१५ लिटर पाणी आणि २० किलोच्या आसपास राख. आता तुझ्या घरचा आकडा घालून कर. आणि तेवढी राख वीज केंद्राने दारात आणून टाकली, तर ठेवायची कुठे, हे आईला एकदा विचारून बघ!